वॉटर पोलो स्पर्धा घ्यायचीय? आधी बांबूनं तलाव मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपुरात तुमच्या क्लबकडे ५० बाय २१ मीटरचा उघडा तलाव आहे, उथळ टोकाला १.२ मीटर आणि खोल टोकाला २.७ मीटर पाणी. सिंगापूरची २०२५ ची जागतिक स्पर्धा पाहून पोट्ट्यांनी डोक्यात घेतलंय की पुरुषांची तशीच स्पर्धा इथं भरवायची. आठ संघ, तीन दिवस. तुम्ही विचारलंय की गोलपोस्ट कुठले घ्यायचे, दोऱ्या कशा बांधायच्या आणि खर्च कितीचा.

गोलपोस्ट आणि दोऱ्या ही खरेदीची बाब आहे, पैसे टाकले की सुटते. स्पर्धा फसते ती खोलीवर, घड्याळावर आणि वेळापत्रकावर. आणि या तिन्ही गोष्टी बाजारात मिळत नाहीत. म्हणून उत्तराचा क्रम मी उलटा ठेवतोय. काही गोष्टी तुमच्या तलावावर अवलंबून आहेत, त्या तिथं तिथं सांगतो.

आधी खोली. नियमांप्रमाणे पाणी कमीत कमी १.८ मीटर हवं, २ मीटर असेल तर उत्तम. यामागं कारण आहे. गोलरक्षक सोडून कुणालाही तळाला पाय टेकवून खेळता येत नाही. १.७ मीटर पाण्यात उंच खेळाडू चवड्यावर उभा राहू शकतो, आणि एकदा तळाचा आधार मिळाला की तो कमरेपर्यंत उसळी मारून शॉट घेतो. त्याच्यासमोरचा बचावपटू मात्र बिचारा एगबीटर किकवर (पाय आळीपाळीनं गोल फिरवून) तरंगत असतो. पंचाला हे वरून दिसतंच असं नाही. मग भांडणं सुरू होतात, आणि दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

तुमच्या तलावाचा उतार सरळ एकसारखा आहे असं धरू. १.२ पासून २.७ पर्यंत, म्हणजे दर मीटरला ३ सेंटीमीटर. १.८ मीटर पाणी उथळ भिंतीपासून २० मीटरवर लागतं. पुढचे ३० मीटर तुमचे. आता खोल बाजूची गोलरेषा भिंतीपासून दीड मीटर पुढं घ्या (नियम गोल भिंतीपासून किमान ३० सेंटीमीटर मागतो, पण तरंगत्या गोलपोस्टच्या मागच्या चौकटीला आणि जाळीला जागा लागतेच). तिथून २५ मीटर मोजलं तर दुसरी गोलरेषा उथळ भिंतीपासून साडेतेवीस मीटरवर येते. तिथं पाणी १.९ मीटर. जमलं.

पुरुषांचं मैदान वर्षानुवर्षं ३० मीटर लांब असायचं, २०२५ पासून जागतिक पातळीवर ते २५ मीटरवर आणलं आहे. हा बदल तुमच्यासारख्या तलावांच्या पथ्यावर पडला. जुन्या ३० मीटरच्या हिशेबानं तुमची उथळ गोलरेषा साडेअठरा मीटरवर गेली असती, पावणेदोन मीटर पाण्यात. ते चाललं नसतं. म्हणून कुणी ‘खरं मैदान ३० चंच’ म्हणून अडून बसला तर ऐकू नका.

पण हे सगळं कागदावरचं. आपल्याकडे पोहणं शिकवण्यासाठी बांधलेल्या तलावांचा उतार क्वचितच सरळ असतो. अर्ध्यापर्यंत जवळपास सपाट आणि मग एकदम घसरण, असं खूपदा दिसतं. तेव्हा तीन मीटरचा एक बांबू घ्या, त्यावर दर दहा सेंटीमीटरला रंगाच्या पट्ट्या मारा, आणि साडेतेवीस मीटरच्या रेषेवर डाव्या काठाला, मध्ये आणि उजव्या काठाला असं तीन ठिकाणी मोजा. मग तिथून खोल बाजूकडे दर दोन मीटरला. कुठंही १.८ च्या खाली भरलं तर मैदान दोन-तीन मीटर आखूड करा, पण उथळात नेऊ नका. आखूड मैदानावर खेळ नीट होतो, उथळ मैदानावर होत नाही.

इथं नागपूरचं ऊन हिशेबात धरा. कोरड्या उन्हात उघड्या तलावाचं पाणी रोज उडतं आणि पाण्याच्या टंचाईत भरणी पुढं ढकलली जाते. तुमच्या उतारावर पातळी १० सेंटीमीटर खाली गेली की १.८ ची रेषा सव्वातीन मीटरनं खोल बाजूकडे सरकते. वर काढलेली १.९ ची गोलरेषा बरोबर १.८ वर येऊन टेकते. शिल्लक काहीच नाही. म्हणून स्पर्धेच्या तीन दिवसांत तलाव ओव्हरफ्लोपर्यंत भरलेला हवा, आणि रोज सकाळी बांबू पुन्हा बुडवायचा.

महिना निवडतानाही हेच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा इतका उतरतो की गरम न केलेलं पाणी २६ अंशांच्या आसपास राहत नाही, आणि नियमांना तेवढं हवं असतं. थंड पाण्यात पहिला बळी बोटांचा जातो, चेंडू पकडता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी ठीक, पण दुपारी काठावरच्या फरशीवर पंचाला चालवत नाही आणि उन्हाळी बॅचेसमुळे तलावही मिळत नाही. पावसाळ्यात विजा. ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, हाच काळ मला बरा वाटतो. दिवाळी आणि परीक्षांच्या तारखा तेवढ्या बघून घ्या.

आता गोलपोस्ट. आतून आतपर्यंत ३ मीटर रुंदी, आणि पाण्यापासून आडव्या दांड्याच्या खालच्या कडेपर्यंत ९० सेंटीमीटर. तुमच्या खोलीत दोन्ही बाजूंना तरंगतेच लागतील. सरावाला पीव्हीसी पाइपचे चालतात, सामन्याला नाही. जोरात चेंडू लागला की दांडा थरथरतो, आणि ‘आत की बाहेर’ ठरवताना गोलरेषेचा पंच हतबल होतो. ॲल्युमिनियमचे, पुढून साडेसात सेंटीमीटर रुंद चौकोनी दांड्याचे, पांढरे घ्या. दोन हंगामांत एकदाच लागणार असतील तर दुसऱ्या जिल्ह्याच्या संघटनेकडून भाड्यानं आणा.

खोल बाजूचा गोल बांधणं सोपं, भिंत जवळ आहे. त्रास देतो तो उथळ बाजूचा, कारण तो तलावाच्या मधोमध तरंगतो आणि त्याच्या मागं वीसेक मीटर मोकळं पाणी. इथं लोक नायलॉनची दोरी मागच्या भिंतीपर्यंत ताणतात. ओली नायलॉन लांबते. पहिल्या क्वार्टरला (सामन्याच्या चार भागांतल्या पहिल्या भागात) ताठ असलेला गोल तिसऱ्या क्वार्टरला अर्धा मीटर पुढं आलेला असतो आणि तिरका झालेला असतो. लेनच्या दोरीत असते तशी स्टीलची वायर रोप वापरा, चार ओढण्या (ताणाच्या तारा) द्या: दोन मागच्या भिंतीला, दोन तिरक्या बाजूच्या काठांना. प्रत्येक ओढणीला एक टर्नबकल (ताण देणारा पिळाचा स्क्रू), म्हणजे क्वार्टरच्या मध्ये काठावरूनच पिळून ताण देता येतो. गोल तरंगता असल्यानं पाण्याची पातळी उतरली की तोही उतरतो आणि ओढण्या सैल पडतात, तेव्हा सकाळच्या बांबूबरोबर टर्नबकलही तपासायचे. बांधून झालं की एक धडधाकट माणूस आडव्या दांड्याला लटकवून बघा. गोल पुढं झुकला किंवा दांडा पाण्याला टेकला तर अजून काम बाकी आहे.

मैदानाची रुंदी २० मीटर, तुमचा तलाव २१, म्हणजे दोन्हीकडे अर्धा मीटर राहतो. लेनच्या सगळ्या दोऱ्या काढा, फक्त दोन बाजूंच्या ठेवा. रंग असे: गोलरेषा आणि मधली रेषा पांढरी, गोलरेषेपासून २ मीटर लाल, ६ मीटर पिवळी. दोरीवरचे फ्लोट लाल, मग पिवळे, मग मधल्या रेषेपर्यंत हिरवे. पेनल्टीची जागा ५ मीटरवर, काठावर लाल खूण करून. जुन्या पुस्तकात पिवळी रेषा ५ मीटरवर सापडेल. २०१९ मध्ये ती ६ वर गेली, फाउल झाल्यावर थेट शॉट घेण्याची हद्दही आता तीच. पंचांपैकी कुणी जुन्या हिशेबावर असेल तर हा घोळ पहिल्याच सामन्यात होतो. उथळ गोलच्या मागं आणखी एक लेनची दोरी आडवी टाका, नाहीतर चुकलेला प्रत्येक शॉट उथळ टोकापर्यंत तरंगत जाईल आणि एक पोरगा दिवसभर चेंडू आणण्यातच राहील. त्या दोरीपलीकडचं पाणी पुढच्या सामन्याच्या संघांना अंग मोकळं करायला द्या, पण चेंडूशिवाय. दोन चेंडू एकदम पाण्यात दिसले की घड्याळ थांबवावं लागतं.

घड्याळावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. जागतिक स्पर्धेत ८ मिनिटांचे चार क्वार्टर असतात, आणि ती ८ मिनिटं प्रत्यक्ष खेळाची. शिटी वाजली की घड्याळ थांबतं, चेंडू खेळात आला की सुरू. मध्ये २, ३ आणि २ मिनिटांच्या सुट्या. त्यामुळे ३२ मिनिटांचा सामना तासभर चालतो. स्थानिक स्पर्धांत घड्याळ सलग चालू ठेवून वेळ वाचवायचा मोह होतो. तसं केलंत की आघाडीवर असलेला संघ शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू आणायलाच जात नाही. खेळ तिथंच मेला.

टेबलावर चार माणसं बसवा. एक सामन्याच्या घड्याळाला, एक शॉट क्लॉकला (चेंडू मिळाल्यावर किती सेकंदांत शॉट घ्यायचा, ते मोजणारं घड्याळ), एक फाउलमुळे थोड्या वेळासाठी बाहेर काढलेल्या खेळाडूंची वेळ बघायला, आणि एक सेक्रेटरी, जो गोल आणि वैयक्तिक फाउल लिहितो. घड्याळं आणि बाहेरची वेळ एकाच माणसाकडे दिलीत तर तो एका वेळी एकच गोष्ट बरोबर करेल. शॉट क्लॉक कित्येक वर्षं ३० सेकंदांचं होतं, अलीकडच्या नियमांत ते आखूड झालंय. तुम्ही ३० ठेवलंत तरी काही बिघडत नाही, पण ते माहितीपत्रकात छापा. बाहेर काढल्याची शिक्षा किती सेकंदांची, तेही छापा. तीन वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू त्या सामन्यापुरता संपला, आणि सेक्रेटरीनं त्या क्षणी लाल झेंडा उचलायचा असतो. हा झेंडा उशिरा उठला आणि मधल्या वेळात त्याच खेळाडूनं गोल केला, की पुढचा अर्धा तास तुमचा नाही.

मोबाइल किंवा टॅबवरचं घड्याळ उन्हात कुणालाच दिसत नाही. एलईडीचे दोन फलक लावा, बॅटरीवर चालणारे. ओल्या काठावरून २३० व्होल्टचा एक्स्टेंशन बोर्ड ओढायचा नाही, यावर चर्चाच नको. दिव्यांसाठी आणि माइकसाठी वीज लागेलच, ती ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीतून (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणाऱ्या स्विचमधून) घ्या आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा.

आता वेळापत्रक. जागतिक स्पर्धेचा साचा असा: १६ संघ, चारचे चार गट. गटातला पहिला थेट उपांत्यपूर्व फेरीत, दुसरा आणि तिसरा शेजारच्या गटातल्या तिसऱ्या-दुसऱ्याशी क्रॉसओव्हर (उपांत्यपूर्व फेरीत जाण्यासाठीचा सामना) खेळतात, चौथा खालच्या क्रमांकांसाठी लढतो. सगळे क्रमांक लावायचे तर ४८ सामने होतात, सुमारे दोन आठवड्यांत. गट जिंकणारा अंतिम फेरीपर्यंत ६ सामने खेळतो, क्रॉसओव्हरनं आलेला ७. म्हणून तिथं गटातला पहिला नंबर एवढा महत्त्वाचा. एका सामन्याचा वाचलेला दम पुढं कामी येतो.

तुमच्या आठ संघांना हा साचा जसाच्या तसा बसत नाही. चारचे दोन गट करा, १२ सामने. मग दोन उपांत्य, तिसऱ्या क्रमांकाचा, अंतिम, आणि दोन्ही गटांतल्या तिसऱ्यांचा पाचव्या क्रमांकासाठी, चौथ्यांचा सातव्यासाठी. एकूण १८, रोज सहा. सकाळी साडेसहा ते सव्वादहा तीन, संध्याकाळी पाच ते पावणेनऊ तीन, प्रत्येकाला ७५ मिनिटं. गट सामन्यांत क्वार्टर ७ मिनिटांचे ठेवा, नाहीतर या ७५ मध्ये मोकळीक उरणार नाही. शेवटच्या दिवशी आठ मिनिटं करायची की नाही, हे पोरांच्या दमावर ठरवा. पहिल्या चार संघांना त्या दिवशी दोन सामने आहेत, तेव्हा मी तरी फक्त अंतिम सामना आठचा करीन. उपांत्य सामने सकाळीच उरका. एका संघाला दोन सामन्यांत चार तासांपेक्षा कमी विश्रांती मिळत असेल तर पत्रक पुन्हा मांडा. पायात गोळे आलेल्या माणसाला खोल पाण्यात ठेवणं हा नुसता खेळाचा प्रश्न राहत नाही.

बरोबरी झाली तर काय, हेही आधी लिहून ठेवा. जागतिक स्पर्धेत आता गट सामनाही बरोबरीत सुटत नाही. पाच-पाच पेनल्टी होतात आणि गुण असे: विजय ३, पेनल्टीवर विजय २, पेनल्टीवर हार १, हार ०. हे काही क्वचित लागणारं कलम नव्हे. पुरुषांचे लागोपाठ तीन अंतिम सामने पेनल्टीवर गेले: २०२२ ला बुडापेस्टमध्ये स्पेननं इटलीला, २०२३ ला फुकुओकात हंगेरीनं ग्रीसला आणि २०२४ ला दोहात क्रोएशियानं इटलीला तसंच हरवलं. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्यांच्यातला सामना, मग गोलफरक, असा क्रम छापा. तीन संघ अडकले तर फक्त त्या तिघांतले सामने धरायचे. हे वाक्य पत्रकात नसेल तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता तुम्हाला ते तिथंच बनवावं लागेल, आणि ज्याचं नुकसान होईल तो तुमच्यावर पक्षपाताचा आरोप करेल.

पंच दोन लागतात, दोन्ही काठांवर एकेक, त्यामुळे काठ मोकळे हवेत: खुर्च्या, बॅगा, पाण्याचे जग काही नको. किमान एक जोडी बाहेरची आणा, राज्य संघटनेमार्फत. आदल्या संध्याकाळी सगळ्या प्रशिक्षकांना बसवून पंचांनी दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. एक, ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला धरणं, बुडवणं, मागं ओढणं म्हणजे बाहेर. चेंडू हातात असेल तर टॅकल करता येतं. दोन, ६ मीटरच्या आत गोलकडे तोंड केलेल्या खेळाडूला मागून अडवलं तर पेनल्टी. आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी या दोन वाक्यांच्या आजूबाजूला असतात.

सामन्याआधीची तपासणी टाळू नका. खेळाडू ओळीनं हात पुढं करतात आणि पंच आपल्या तळहाताच्या मागच्या बाजूनं त्यांची बोटं चाचपतो. डोळ्यांना न दिसणारं नख तिथं टोचतं. टोचलं की नेलकटर देऊन परत पाठवायचं. तेल हा आपला खास प्रश्न. पाण्यात उतरण्याआधी अंगाला खोबरेल चोळायची सवय अजून आहे, आणि नियमांत ते सरळ निषिद्ध आहे. तेल लावलेला खेळाडू धरताच येत नाही, शिवाय चेंडूची पकड जाते ती पुढच्या सामन्यापर्यंत. शॉवर घेऊन, साबण लावून, मगच पाणी. टोप्या एका संघाला गडद, एका संघाला पांढऱ्या, गोलरक्षकांना लाल, आणि कानाचे कप शाबूत हवेत. ते असतात कानाच्या पडद्यासाठी. तुटलेल्या कपाची टोपी बाद. चेंडू पुरुषांचा, ५ नंबर, घेर ६८ ते ७१ सेंटीमीटर, वजन ४०० ते ४५० ग्रॅम. गुळगुळीत झालेले चेंडू सरावाला ठेवा.

पाण्याबद्दल एकच सांगतो. उन्हात क्लोरीन झपाट्यानं उडतं आणि चौदा माणसं जोर लावून खेळतात तेव्हा ते आणखी लागतं. फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.६, हे सकाळी एकदा मोजून भागत नाही. प्रत्येक सत्राआधी मोजा, मोठा डोस रात्री शेवटच्या सामन्यानंतर द्या आणि फिल्टर रात्रभर चालवा. खोल टोकाचा तळ काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर सामना सुरू करू नका. बुडालेला माणूस दिसणार नाही. जीवरक्षक दोन, आणि त्यांनी सामना बघायचा नाही, पाणी बघायचं. बोटं निखळणं आणि नाकावर कोपर बसणं होणारच, बर्फ आणि डॉक्टर टेबलाशेजारी ठेवा. वीज कडाडली की तलाव लगेच रिकामा करायचा, स्कोअर काहीही असो, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी उतरायचं नाही. ऑक्टोबरातही हे कलम लागू शकतं.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण गोल भाड्यानं की विकत, पंच कुठून येणार आणि संघांची राहायची सोय तुम्ही करणार की ते, यावर तो दुप्पट-तिप्पट बदलतो. पण पैसे कमी पडले तर कात्री कुठं लावायची ते सांगतो. ट्रॉफ्या, मंडप, टी-शर्ट, उद्घाटनाचे पाहुणे, यांना आधी लावा. पंचांचं मानधन, शॉट क्लॉकचे फलक आणि जीवरक्षक यांना लावू नका. कमी पडलंच तर संघ आठाचे सहा करा. तीनचे दोन गट म्हणजे गटाचे सामने सहा, दोन उपांत्य आणि तीन क्रमांकांचे, एकूण अकरा. तेवढे दोन दिवसांत, त्याच सकाळ-संध्याकाळच्या वेळांत बसतात, आणि पोरांना एक दिवस सरावाला तलाव मिळतो.